शास्त्रीय सॅक्सोफोनवादक व्हायचंय? बेळगाव-सीमाभागातून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

‘शास्त्रीय सॅक्सोफोन’ म्हणजे नक्की कोणता? आपला की पाश्चात्त्य?

दोन्ही, पण वाटा वेगळ्या आहेत. अ‍ॅडॉल्फ सॅक्स या बेल्जियन कारागिराने १८४६ मध्ये पॅरिसला या वाद्याचं पेटंट घेतलं. त्यानंतर युरोपात त्याचं स्वतःचं शास्त्रीय वादन उभं राहिलं. पॅरिसच्या संगीत विद्यालयात १९४२ पासून मार्सेल म्यूल शिकवू लागले आणि त्या शिकवणीचा स्वर आजही प्रमाण मानला जातो. ही स्वरलिपीवरून वाजवायची, पियानोच्या साथीची वाट.

दुसरी वाट रागसंगीताची. ती रुंद केली आपल्याच कर्नाटक राज्यातल्या कद्री गोपालनाथ यांनी. दक्षिण कन्नड जिल्ह्यात नादस्वरवादकाच्या घरी जन्मलेल्या या माणसाने मैसूरच्या राजवाड्याच्या बँडमध्ये सॅक्सोफोन ऐकला, तो कर्नाटक संगीतासाठी घडवला, त्यातल्या गमकांसाठी (स्वर हलवून घेण्यासाठी) वाद्यात बदल करून घेतले. १९९४ मध्ये लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये बीबीसीच्या प्रॉम्स महोत्सवात त्यांनी वादन केलं आणि २००४ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. ते २०१९ मध्ये गेले.

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी भागातला कान हिंदुस्तानी गायकीवर वाढलेला आहे. सॅक्सोफोनवर हिंदुस्तानी राग वाजवणारे मात्र फार थोडे. म्हणजे अडचण आहे तशी मोकळी जागाही आहे. पुढची बहुतेक उत्तरं याच वाटेबद्दल आहेत; पाश्चात्त्य वाटेचा प्रश्न वेगळा घेतला आहे.

आधी गाणं शिकायलाच हवं का? थेट वाद्यच धरलं तर?

थेट वाद्य धरलं की दोन-तीन वर्षांत चित्रपटगीतं छान वाजतात आणि गाडी तिथेच थांबते. कारण राग बोटांत नसतो, गळ्यात आणि कानात असतो. भीमपलासातला कोमल गंधार किती खाली घ्यायचा, मध्यमावर किती थांबायचं, हे सॅक्सोफोनची चावी सांगत नाही. म्हणून आमचं ठाम मत: गुरू दोन हवेत. एक फुंक, ओठ आणि बोटं शिकवणारा. तो बँडमधला जुना वादक असेल, चर्चमध्ये वाजवणारा असेल, गोव्यातला असेल, काही बिघडत नाही. दुसरा गायक, जो राग देईल. दोघं एकाच माणसात मिळतील याची वाट बघत बसलात तर वय निघून जाईल.

इथे गुरू मिळतील का, की पुणे-मुंबईच गाठायची?

रागासाठी इथून लांब जायची गरज नाही. कुमार गंधर्व आपल्या सुळेभावीचे. धारवाड रेल्वेने दोन-अडीच तासांवर, आणि मल्लिकार्जुन मन्सूर, बसवराज राजगुरू यांच्या परंपरेत शिकलेली माणसं त्या शहरात आजही शिकवतात. उत्तरेला मिरज, जिथे अब्दुल करीम खाँ राहिले. बेळगाव शहरातही शहापूर, टिळकवाडी, वडगाव भागांत गायनाचे वर्ग आहेत.

वाद्याच्या तंत्रासाठी मात्र चोर्ला घाट उतरावा लागतो. गोव्यात पाश्चात्त्य वाद्यांची शिकवण जुनी आहे आणि पणजीच्या कला अकादमीत पाश्चात्त्य संगीताचा विभाग आहे. महिन्यातून दोनदा तिकडे जाऊन फुंक तपासून घेणं आणि आठवड्याला इथे गाण्याची तालीम, ही मांडणी व्यवहार्य ठरते. भाषेची काळजी नको. धारवाडचे गुरुजी कन्नडमध्ये शिकवतील, बंदिश ब्रज भाषेत असेल आणि तुम्ही वहीत मराठीत लिहाल; सीमाभागातल्या विद्यार्थ्याला याची सवय असतेच.

कोणता सॅक्सोफोन घ्यावा? किती वयापासून?

अल्टो. त्याहून लहान सोप्रानोचा स्वर सांभाळणं नवशिक्याला अवघड जातं, त्याहून मोठ्या टेनरला फुंक जास्त लागते आणि वजनही. अल्टो साधारण अडीच किलोचा असतो. मूल ११-१२ वर्षांचं झालं, पुढचे पक्के दात आले, उजवा अंगठा खालच्या आधारावर ठेवून खालच्या चाव्या गाठता आल्या की सुरू करा. त्याआधी बासरी आणि गाणं. गळ्यातला साधा पट्टा मुलांच्या मानेला त्रास देतो. दोन्ही खांद्यांवर वजन घेणारा पट्टा घ्या.

नवा घ्यावा की जुना? फसगत कशी टाळायची?

नामांकित जपानी कंपनीचं विद्यार्थ्यांसाठीचं नवं मॉडेल लाखाच्या वर जातं. अगदी स्वस्तातली चमकदार वाद्यं वर्षभरात चाव्या वाकून बसतात, कारण चाव्यांचा धातू मऊ असतो. मेरठमध्ये बँडची वाद्यं मोठ्या प्रमाणावर बनतात. ती मिरवणुकीला चालतील, पण रागासाठी घेताना प्रत्येक स्वर ट्यूनरवर (स्वर मोजणाऱ्या यंत्रावर) तपासल्याशिवाय पैसे देऊ नका.

जुनं वाद्य बघताना या क्रमाने बघा. नेकच्या (माउथपीस बसतो त्या वरच्या वाकड्या नळीच्या) खालच्या बाजूला लाट किंवा सुरकुती दिसते का? दिसली तर नेक दाबला गेलाय आणि स्वर बिघडलाय. बॉडी डोळ्यासमोर धरून लांब दांड्या सरळ आहेत का पाहा. सिगारेटच्या कागदाची पातळ पट्टी प्रत्येक पॅडखाली (छिद्र झाकणाऱ्या गादीखाली) ठेवून चावी हलकी बंद करा आणि कागद ओढा. सगळ्या बाजूंनी सारखा अडला पाहिजे. शेवटी सगळ्यात खालचा बी फ्लॅट हळू आवाजात वाजवून घ्या. तो जोर केल्याशिवाय बोलत नसेल किंवा गुळण्या केल्यासारखा थरथरत असेल, तर बहुतेक वेळा वर कुठेतरी हवा गळते आहे. सगळे पॅड बदलण्याचा खर्च किमतीतून वजा करूनच बोला.

माउथपीस आणि पत्ती?

वाद्यापेक्षा माउथपीसने स्वर जास्त बदलतो. बँडवाल्यांचा रुंद तोंडाचा माउथपीस मोठा, कर्कश आवाज देतो आणि त्यावर स्वर डळमळतो. सुरुवातीला यामाहाचा ४सी पुरेसा आहे. पुढे सेल्मरचा एस८० सी-स्टार किंवा व्हॅन्डोरेनचा एएल३.

पत्ती (माउथपीसवर बांधायची वेताची पातळ पट्टी, म्हणजे रीड) पहिले काही महिने २ नंबरची, नंतर अडीच; नंबर म्हणजे तिचा कडकपणा. १० पत्त्यांच्या डब्यात ३-४ खरोखर चांगल्या निघतात. एकीवरच वाजवू नका. ४ पत्त्यांवर नंबर टाका आणि आलटून-पालटून वापरा. एकच पत्ती रोज वाजवली तर ती हळूहळू मऊ होते, तुमचा ओठ त्या मऊपणाची सवय करून घेतो आणि नवी पत्ती लावल्यावर ‘आवाजच येत नाही’ अशी तक्रार सुरू होते.

सा कुठे धरायचा?

हा सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न, आणि इथे चुकलं की पुढची सगळी वर्षं अडतात.

अल्टो ई फ्लॅटचं वाद्य आहे. तुम्ही सी ची बोटं धरली की पेटीवरची काळी २ (दुसरी काळी पट्टी) ऐकू येते. बरेच जण सोपं म्हणून तिथेच सा धरतात. खालच्या सी वर सा धरला तर मंद्रात (खालच्या सप्तकात) फक्त दोन्ही निषाद मिळतात, त्याच्या खाली वाद्य संपतं. मंद्र पंचमाशिवाय यमनाचा आलाप काय करणार?

म्हणून सा जी वर धरा, म्हणजे डाव्या हाताची तीन बोटं. पेटीवर तो काळी ५ येतो. आता मंद्रात कोमल गंधारापर्यंत खाली जाता येतं आणि वर तार सप्तकात कोमल निषादापर्यंत. तबलजींना आधी कळवा. काळी ५ चा दायाँ (उजव्या हाताचा तबला) सगळ्यांकडे सोबत नसतो, आणि ऐनवेळी काळी १ चा तबला ओढूनताणून जुळवण्यात अर्धा कार्यक्रम जातो. तानपुरा, खरा असो की मोबाइलवरचा, काळी ५ लाच लावा.

यात एक अवघड वळण आहे. सा जी वर असला की तीव्र मध्यम येतो सी शार्पवर, म्हणजे सगळी बोटं उघडी, आणि पंचम येतो डी वर, म्हणजे दोन्ही हातांची सहाही बोटं बंद आणि ऑक्टेव्हची (स्वर एक सप्तक वर नेणारी) चावी. वाद्यातली सगळ्यात मोठी उडी नेमकी यमनाच्या म-प मध्ये येते. त्यातही उघडा सी शार्प बहुतेक अल्टोवर थोडा उतरलेला आणि पातळ असतो, तर वरचा डी चढलेला. म्हणून नवशिक्याचा यमन मध्यमापाशी फाटल्यासारखा ऐकू येतो. उपाय: तीव्र मध्यमाला उघडी बोटं न वापरता सगळ्यात खालच्या सी शार्पची बोटं धरा आणि ऑक्टेव्हची चावी दाबा. स्वर भरदार येतो, आणि पंचमाला जाताना फक्त करंगळ्या उचलायच्या राहतात. द्रुत तानांना हे जड पडतं, तिथे उघडाच सी शार्प घ्या. आलापात मात्र हीच बोटं.

चाव्यांच्या वाद्यावर मींड येते का?

मींड, म्हणजे एका स्वरातून दुसऱ्यात न तुटता घसरत जाणं, येते, पण बोटांनी कमी आणि तोंडाने जास्त. स्वर खाली ओढणं सोपं असतं, वर ढकलणं जवळजवळ अशक्य. म्हणून मींड घेताना वरच्या स्वराची बोटं धरून ओठ आणि जिभेचा मागचा भाग सैल करत खाली यायचं, किंवा खालून जाताना वरच्या स्वराची बोटं आधीच धरून, स्वर दाबलेला ठेवून, मग मोकळा करायचा. याला चावी अर्धवट, सावकाश उघडण्याची जोड द्या. वरच्या सप्तकात हे लवकर जमतं. खालच्या पाच-सहा स्वरांवर मींड फार थोडी निघते, तिथे कणस्वरांवर (ओझरत्या स्पर्शाच्या स्वरांवर) काम भागवा.

सरावाला नुसता माउथपीस घ्या. अल्टोचा माउथपीस शास्त्रीय फुंकेत तार सप्तकातल्या पांढरी ६ ला बोलला पाहिजे. तो स्वर तानपुऱ्यासारखा स्थिर धरा, मग ओठ न हलवता, फक्त घसा ‘ई’ वरून ‘ओ’ कडे नेत एक-एक स्वर खाली उतरवा. रोज १० मिनिटं. हे जमेपर्यंत दरबारी कानडा आणि मियाँ की मल्हारला हात लावू नका. त्यांचा आंदोलित (झुलता) गंधार सरळ चावीने वाजवला की राग राहत नाही. भूप, दुर्गा, यमन, बागेश्री या क्रमाने जा. भूपात मध्यमच नसल्याने ती म-प ची उडी थेट अंगावर येत नाही, हा मोठा फायदा.

रोज रियाज किती आणि कसा?

पहिल्या तीन महिन्यांत २० मिनिटांचे दोन तुकडे. ओठांचे स्नायू तयार नसताना तासभर फुंकलं तर खालच्या ओठाला आतून दात लागतात. वर्षभराने दीड तास. यातला सुरुवातीचा एक तृतीयांश वेळ लांब स्वरांचा: मध्य सा वर एकच स्वर, हळू-मोठा-हळू, ट्यूनरचा काटा न हलता. मग अलंकार, मिनिटाला ६० मात्रांच्या लयीत. मग राग, आणि तोही आधी गाऊन. जी ओळ गाता येत नाही ती वाजवायची नाही, हा नियम कडक ठेवा.

मंचावर स्वतंत्रपणे तासभर वाजवायला आठ-दहा वर्षं लागतात. पालकांना हे आधीच सांगितलेलं बरं.

पावसाळ्यात वाद्य का बिघडतं?

खानापूर, बेळगावकडे जून ते सप्टेंबर हवेतला ओलावा हटत नाही. पॅड चामडं आणि फेल्टचे असतात. ते फुगतात, चिकटतात. सगळ्यात आधी चिकटतात जी शार्प आणि खालच्या सी शार्पचे पॅड, कारण ते एरवी बंदच असतात. रियाजाआधी त्या दोन चाव्या हाताने उघडून बघा. वाजवून झाल्यावर दोरीचं फडकं बॉडीतून दोनदा ओढा, नेक वेगळा पुसा आणि चिकट पॅडखाली कोरा पातळ कागद दाबून ओल टिपा. पावडर लावू नका. तिचा लगदा होतो. केसमध्ये सिलिका जेलच्या पुड्या ठेवा, ओलं फडकं मात्र केसमध्ये ठेवू नका. पत्तीवर काळे ठिपके आले तर ती फेकाच.

आणि एक बेळगावकरांसाठी खास: कुंदा किंवा गोड चहा घेऊन थेट वाजवायला बसू नका. साखर फुंकेतून आत जाते आणि पॅडवर डिंकासारखी बसते. चूळ भरा, मगच माउथपीस तोंडाला लावा.

थंडीत सकाळी वाद्य उतरलेलं असतं. घाईने माउथपीस आत ढकलू नका. पाच मिनिटं नुसती गरम फुंक मारा, मग जुळवा.

परीक्षा कोणत्या द्याव्यात?

रागाच्या वाटेला अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षा, प्रारंभिकपासून विशारद पूर्णपर्यंत ७ पायऱ्या. आमचा सल्ला: परीक्षा गायनाची द्या. तयारी तीच होते, परीक्षकाला वाद्याची अडचण येत नाही आणि पुढे शिकवण्या करताना गायन विशारदला गावात मान असतो. पाश्चात्त्य वाटेला लंडनच्या ट्रिनिटी कॉलेजच्या १ ते ८ ग्रेड आहेत. त्यात सॅक्सोफोन स्वतंत्र वाद्य आहे.

नोकरी मिळते का?

निव्वळ शास्त्रीय सॅक्सोफोनवादक म्हणून पगारी जागा जवळपास नाहीत, हे मान्य करूनच पुढे जा. सिम्फनी ऑर्केस्ट्रातसुद्धा सॅक्सोफोनला कायमची खुर्ची नसते. एखाद्या रचनेत लागला तर बोलावतात.

वाद्यावर पगार देणारी जागा म्हणजे सैन्यदलांचे आणि पोलिसांचे बँड. बेळगावच्या कॅम्प भागात मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र आहे, तिथला बँड इथल्या मुलांनी लहानपणापासून ऐकलेला असतो. नौदल आणि हवाई दल अग्निवीर योजनेत संगीतकार म्हणून वेगळी भरती करतात. १० वी पास असावं लागतं, वाद्यावर चाचणी होते, मुदत ४ वर्षांची. तिथे राग नाही, स्वरलिपी वाचून वाजवायला लागतं. म्हणून ज्यांना ही वाट हवी त्यांनी पहिल्या वर्षापासून पाश्चात्त्य स्वरलिपी शिकावी.

लग्नाच्या सुपाऱ्या घ्याव्यात का? त्याने हात बिघडतो म्हणतात.

घ्याव्यात. दक्षिण कर्नाटकात देवळांत आणि लग्नांत सॅक्सोफोन मंगलवाद्य म्हणून वाजतो. इकडेही ती मागणी वाढते आहे. मुहूर्ताआधी तासभर बसून भूप, दुर्गा, एखादा अभंग वाजवणं हे चांगलं काम आहे आणि रियाजही. हात बिघडतो तो वरातीत, चालता चालता, डीजेवर मात करायला जोरात फुंकल्याने: ओठ चावला जातो, स्वर चढतो आणि ती सवय महिनाभर सुटत नाही. बैठकीची सुपारी घ्या, वरातीची टाळा.

बोलणी करताना या गोष्टी लिहून घ्या, व्हॉट्सअ‍ॅपवर लिहिल्या तरी चालेल: निम्मी रक्कम आगाऊ, वाजवण्याचे तास, प्रवास आणि साथीदारांचं मानधन कोणाकडे, साउंड कोणाचा, चित्रीकरण इंटरनेटवर टाकणार का. हंगाम तुळशीच्या लग्नानंतर सुरू होतो आणि पाऊस लागला की संपतो. त्या महिन्यांची कमाई वर्षभर पुरवायची असते, म्हणून बाकीच्या महिन्यांत शिकवण्या लागतातच.

आकाशवाणीची श्रेणी कशी मिळते?

आपल्याला धारवाड केंद्र जवळचं. स्वरपरीक्षेच्या (ऑडिशनच्या) सूचनेवर लक्ष ठेवा. अर्जात तयार रागांची यादी द्यावी लागते; परीक्षक त्यातला कोणताही सांगू शकतात, म्हणून आठवड्यापूर्वी शिकलेला राग यादीत घालू नका. बी, बी-हाय, ए आणि टॉप अशा श्रेणी आहेत. बी मिळाली तरी कार्यक्रमपत्रिकेवर नावापुढे लिहिता येते आणि आयोजक दार उघडतात.

मंडपात आवाज कर्कश का येतो?

कारण साउंडवाला माइक भोंग्यात घालतो. सॅक्सोफोनचा आवाज फक्त भोंग्यातून येत नाही; प्रत्येक उघड्या छिद्रातून येतो. भोंग्यात माइक घातला की खालचे दोन-तीन स्वर गडगडतात आणि बाकीचे बारीक होतात. माइक हातभर लांब, बॉडीच्या मध्यावर रोखून ठेवायला सांगा. एको बंद. गणेशोत्सवात हे सांगायला अर्धा तास आधी पोहोचा.

मैफलीत काय वाजवावं?

दीड तासात एक राग विलंबित आणि द्रुत, दुसरा छोटा, मग सुगम. आपल्याकडे श्रोते मिश्र असतात: अभंग आणि नाट्यपद झालं की एक कन्नड भक्तिरचना, दासरपद किंवा वचन, हवीच. भीमसेन जोशींनी दोन्ही भाषांत हे करून दाखवलंय. शब्द पाठ असू द्या, वाद्यावर वाजवायचं असलं तरी. श्वास कुठे तोडायचा हे शब्दच सांगतात.

पाश्चात्त्य वाटेने जायचं असेल तर?

पियानोचा साथीदार ही पहिली अडचण, त्यासाठी गोव्याशी संबंध ठेवा. ग्लाझुनोव्हचा १९३४ चा कॉन्चेर्टो आणि इबेरची १९३५ ची रचना हे प्रौढ वादकाचे मापदंड. तिथपर्यंत पोहोचायला ग्रेड ८ नंतरही तीन-चार वर्षं लागतात. पदवीसाठी परदेशच गाठावा लागतो.

छाती खराब होते का? दातांचं काय?

निरोगी माणसाची छाती खराब होत नाही. दमा किंवा हर्नियाचा त्रास असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. वरचे दात माउथपीसवर टेकवायचे, तिथे रबराची छोटी चकती चिकटवा. दातांना तारा असतील तर पहिले दोन आठवडे कमी वाजवा.

मुलींनी हे वाद्य घ्यावं का?

जरूर. एम. एस. लावण्या आणि सुब्बलक्ष्मी या बहिणी कर्नाटक संगीत सॅक्सोफोनवर वाजवतात.

शिष्यवृत्ती?

केंद्रीय सांस्कृतिक मंत्रालयाची तरुण कलाकारांसाठीची शिष्यवृत्ती १८ ते २५ वयासाठी आहे: महिन्याला ५,००० रुपये, दोन वर्षं. गुरूचं पत्र आणि शिक्षणाची वर्षं नीट दाखवावी लागतात, म्हणून पहिल्या दिवसापासून फीच्या पावत्या आणि कार्यक्रमपत्रिका जपून ठेवा.

चाळीत किंवा फ्लॅटमध्ये राहतो. शेजारी तक्रार करतात.

भोंग्यात कापड कोंबून फारसा फरक पडत नाही, कारण आवाज छिद्रांतूनही बाहेर येतो. खालचे स्वर मात्र बिघडतात. कपड्यांनी भरलेलं कपाट उघडून त्याच्याकडे तोंड करून वाजवा, गाद्या भिंतीला उभ्या करा. लांब स्वरांचा रियाज सकाळी आठनंतर घरी करा, आणि तानांचा जोराचा रियाज गावाबाहेर शेतावर किंवा देवळाच्या रिकाम्या सभामंडपात, पुजाऱ्यांना विचारून.